कोंब त्यांचा, मुळी आपली

औंधमध्ये ब्रेमेन चौक आहे. विद्यापीठाकडून औंधला जाणाऱ्या गाड्या रोज तिथल्या सिग्नलला थांबतात. उत्तर जर्मनीतल्या ब्रेमेन शहराशी पुण्याची जुनी मैत्री आहे आणि हे नाव तिची खूण म्हणून दिलेलं आहे. ब्रेमेनच्या सभोवार लोअर सॅक्सनी हे राज्य पसरलेलं आहे. जर्मनीत सर्वाधिक ॲस्परॅगस पिकतो तो याच राज्यात. एप्रिलच्या मध्यावर तिथे हंगाम सुरू होतो आणि 24 जूनला, सेंट जॉनच्या सणाच्या दिवशी, तो बंद करायचा असा रिवाज आहे. त्या दोन-सव्वादोन महिन्यांत रस्त्याकडेला भाजीचे ठेले उभे राहतात, हॉटेलं वेगळी यादी छापतात. ब्रेमेनच्या दक्षिणेला नीनबुर्ग नावाचं गाव आहे. त्या गावात तर या भाजीचं संग्रहालयच आहे. पुण्याहून शिकायला किंवा नोकरीला जर्मनीत गेलेली मुलं पहिल्याच वसंतात या 'श्पार्गेल'पुढे बसतात: पांढरे, बोटभर जाड दांडे, सोलून उकडलेले, वर वितळलेलं लोणी, शेजारी बटाटे.

यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं की या भाजीची सख्खी बहीण ब्रेमेन चौकापासून काही किलोमीटरवर, वेताळ टेकडीच्या झुडपांत वाढते. तिचं नावही त्यांनी घरात लहानपणापासून ऐकलेलं असतं. ते नाव म्हणजे शतावरी.

जर्मनांच्या ताटातल्या वनस्पतीचं शास्त्रीय नाव ॲस्परॅगस ऑफिसिनॅलिस. ते लिनियसनं 1753 मध्ये दिलं. आपली शतावरी म्हणजे ॲस्परॅगस रेसिमोसस. बर्लिनच्या विल्डेनोव या वनस्पतिशास्त्रज्ञानं तिचं नामकरण 1799 मध्ये केलं. प्रजाती एक, जाती दोन. जमिनीखालच्या खोडातून दरवर्षी कोवळे कोंब वर काढायचे, त्यांना फांद्या फुटू द्यायच्या आणि वर्षाची कमाई मुळांत साठवायची, ही दोघींची रीत एकच आहे. माणसानं मात्र एकीचा कोंब उचलला आणि दुसरीची मुळी. या एका फरकातून दोघींची नशिबं कशी वेगळी झाली, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

आधी झाड नीट पाहू. शतावरीचा वेल उन्हाळ्यात जवळपास दिसेनासा होतो. करवंदीच्या किंवा गिरिपुष्पाच्या जाळीत वाळलेल्या काटेरी काड्या तेवढ्या अडकलेल्या असतात. पहिले दोन-चार पाऊस झाले की जमिनीतून हिरवट-जांभळे, टोकदार, सरळसोट कोंब वर येतात. फांद्या फुटण्याआधीच्या त्या चार-आठ दिवसांत शतावरीचा कोंब आणि मॉलमधला महागडा ॲस्परॅगस शेजारी ठेवले, तर नातं सांगायला वनस्पतिशास्त्रज्ञ लागत नाही. तेच टोक, अंगाला चिकटून बसलेले तेच तिकोनी खवले. शतावरीचा कोंब सडपातळ असतो, एवढाच फरक.

हे खवले म्हणजे या झाडाची खरी पानं. नंतर वेलावर जो नाजूक, पिसासारखा हिरवा पसारा दिसतो त्यात पान एकही नसतं. त्या सुईसारख्या बारीक फांद्या आहेत आणि पानांचं काम, म्हणजे उन्हात अन्न तयार करणं, त्यांनी अंगावर घेतलेलं आहे. पान जितकं रुंद तितकं पाणी उडून जाण्याची वाट मोठी. आठ महिने कोरड्या राहणाऱ्या टेकडीवर हा काटकसरीचा मार्ग उपयोगी पडतो. पानाचा जो अंश उरला त्याचा मुख्य खोडावर काटा झाला. त्या काट्यांच्या आधारानं वेल झुडपांवर चढतो आणि गुरांपासून थोडाफार वाचतोही. जुन्या वैद्यांच्या नजरेतून हा काटा सुटला नव्हता. सुश्रुतसंहितेत काटेरी वनस्पतींच्या मुळांचा 'कंटकपंचमूळ' नावाचा एक गट आहे, त्यात करवंद आणि गोखरू यांच्या पंगतीला शतावरी आहे. सुश्रुतानं केलेली ही वर्गवारी आजही टेकडीवर जाऊन पडताळता येते, कारण करवंदीच्याच जाळीत शतावरी सापडते.

पावसाळा सरला की वेलावर बारीक पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. त्यांना मंद सुगंध असतो आणि मधमाश्यांची गर्दी होते. पुढे वाटाण्याएवढी फळं धरतात, पिकल्यावर लाल होतात, आत काळं कठीण बी. जर्मन बहिणीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि तिकडचे शेतकरी नर झाडं पसंत करतात, कारण त्यांची शक्ती बी धरण्यात खर्च होत नाही. शतावरीच्या एकाच फुलात दोन्ही अंगं असतात.

खरा ऐवज जमिनीखाली आहे. एका खोडाभोवती बोटभर जाडीची, दोन्ही टोकांना निमुळती, लांबट मुळं झुपक्यानं लोंबतात. जुन्या वेलाला ती डझनांनी असतात. वरून राखाडी, आतून पांढरीशुभ्र आणि रसाळ. संस्कृत निघंटूंनी तिला शतमूली म्हटलं ते यावरूनच. दुसरं नाव आहे बहुसुता, पुष्कळ लेकरांची. बेळगावकडे कानडी बोलणारी माणसं तिला 'हलवु मक्कळ तायि बेरु' म्हणतात, म्हणजे अनेक मुलांच्या आईची मुळी. शतावरी म्हणजे शंभर नवरे असलेली, असा अर्थ हल्ली औषधांच्या जाहिरातींत वारंवार दिसतो. जुनी नावं बघितली तर सगळा रोख मुळांच्या झुपक्याकडे आहे, आणि मला तोच खरा वाटतो.

या वेलाच्या अभ्यासाशी पुण्याचा संबंध जुना आहे. फ्रेंच निसर्गअभ्यासक व्हिक्टर जाकमाँ 1832 मध्ये दख्खनमध्ये फिरत होता. तो पुण्यातही राहिला आणि त्याच वर्षी 7 डिसेंबरला मुंबईत वारला. वय अवघं 31. त्यानं गोळा केलेल्या वनस्पती पॅरिसला पोचल्या, आणि पुढे बेकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं पश्चिम भारतातल्या एका रानशतावरीला त्याचं नाव दिलं: ॲस्परॅगस जाकमाँटी. थिओडोर कुक हे दुसरं नाव. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, ते प्राचार्य होते. इंजिनिअरिंग कॉलेजच्या या प्राचार्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा जो ग्रंथ 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध केला, तो आजही पश्चिम महाराष्ट्रात झाड ओळखायला बसलेल्या विद्यार्थ्याला उघडावाच लागतो. 1955 पासून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. शतावरीच्या कोणत्या जाती कुठे सापडतात याचा पुरावा म्हणून वाळवलेले नमुने तिथे जपलेले आहेत.

कुकच्या काळी शतावरी लिलीच्या, म्हणजे पलांडु कुलात धरली जात असे. डीएनएच्या अभ्यासानंतर ती जुनी मांडणी मोडली आणि शतावरीच्या नावानं मोठं कुळ उभं राहिलं. या नव्या कुळातली मंडळी बघितली की आश्चर्य वाटतं. मार्केट यार्डच्या फुलबाजारात पोत्यांनी येणारा निशिगंध याच कुळातला. शेताच्या बांधावरचं घायपात याच कुळातलं. गॅलरीतला स्नेक प्लांट आणि स्पायडर प्लांटही. पावसाळ्याच्या तोंडाला येणारी फोडशी, जिला काही भागांत कुलू म्हणतात, ती गवतासारखी दिसणारी रानभाजी क्लोरोफायटम या प्रजातीतली, म्हणजे शतावरीच्याच घरातली. तिच्याच भाऊबंदांपैकी सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम. ते मुंबईच्या बोरिवलीवरून पडलेलं आहे. एक पायरी वर चढून 'ॲस्परॅगेलीज' हा गण पाहिला, तर कांदा, लसूण, केशर, व्हॅनिला, कोरफड आणि यच्चयावत ऑर्किड त्यात आहेत. तेव्हा ॲस्परॅगस हे परदेशी पाहुण्याचं नाव आहे असं आपण समजत असलो, तरी रोजच्या फोडणीतला लसूणही दूरच्या नात्यानं त्याच्याच गोतावळ्यात बसतो.

पुण्यात 'ॲस्परॅगस' हा शब्द सर्वांत जास्त कोण वापरत असेल, तर फुलवाले. गुच्छात गुलाबामागे जी भुरभुरीत हिरवी झालर असते तिला ते ॲस्परॅगसच म्हणतात. ही ॲस्परॅगस सेटेशियस, मूळची आफ्रिकेतली. नर्सरीत कुंडीत मिळणारी कोल्ह्याच्या शेपटीसारखी दाट जात दक्षिण आफ्रिकेची. यांना 'फर्न' म्हणण्याची पद्धत आहे, पण नेच्यांशी यांचं काही नातं नाही. नेच्यांना फुलं येत नाहीत, यांना येतात. यांची फळं दिसायला गोड असली तरी खाण्याची नाहीत, पोट बिघडतं. घरात रांगतं मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवावी.

आता भाजीकडे येऊ. ॲस्परॅगसची शेती समजली की पुण्यात ती महाग का, हेही समजतं. रोप लावल्यावर पहिली दोन वर्षं कोंबाला हात लावायचा नाही. वरच्या हिरव्या पसाऱ्यानं अन्न तयार करून मुळं भरायची असतात. तिसऱ्या वर्षापासून कापणी, तीही सहा ते आठ आठवडेच. त्यानंतर कोंब मोकळे सोडायचे, म्हणजे पुढच्या वर्षाची शिदोरी मुळांत जमा होते. जर्मनीत 24 जूनला कापणी थांबवतात त्यामागे सण आहे तसं हे शेतीशास्त्रही आहे. एवढी शिस्त पाळली की एकच वाफा दहा-पंधरा वर्षं उत्पन्न देतो. उबदार दिवसांत कोंब दिवसाला दहा सेंटिमीटर आणि त्याहूनही अधिक वाढतो, म्हणून हंगामात रोज, कधी दोनदा शेतात फिरून हातानं कापणी करावी लागते. पांढरा ॲस्परॅगस वेगळ्या जातीचा नसतो. कोंबावर मातीचे उंच वरंबे चढवून ऊन लागू दिलं नाही की हिरवा रंग धरत नाही. तो जमिनीत चाचपून खोल सुरीनं कापावा लागतो. भाव चढतो तो या मजुरीमुळे.

या झाडाला विश्रांती हवी. युरोपात ती बर्फाळ हिवाळ्यानं मिळते. पेरूच्या किनारी वाळवंटात हिवाळा सौम्य असतो, तिथे पाणी तोडून झाडाला झोपवतात आणि पुन्हा पाणी देऊन उठवतात. थायलंडसारख्या उष्ण देशात प्रत्येक झाडाचे काही दांडे कायम हिरवे राखून बाकीचे कोंब खुडतात. जगात सर्वाधिक ॲस्परॅगस चीन पिकवतो. पुण्याची थंडी डिसेंबर-जानेवारीत पहाटेपुरती बोचरी, दुपारी पुन्हा ऊन. एवढ्यानं झाड पुरतं झोपत नाही, वर्षभर थोडंथोडं फुटत राहतं आणि कोंब बारीक पडतात. म्हणून इथे त्याची शेती करायची तर थायलंडच्या वाटेनं जावं लागतं. शिवाय कापल्यावरही कोंब जोरात श्वसन करत राहतो. त्यातली साखर तासातासाला घटते, बुडखा दोरकट होतो. शून्याच्या आसपास थंड ठेवला तरच टिकतो. दुकानात जुडी घेताना टोकं घट्ट मिटलेली आणि कापलेला बुडखा ओलसर आहे ना, एवढं बघावं. टोकं सैल किंवा चिकट झाली असतील तर ती जुडी कितीही सवलतीत मिळो, घेऊ नये. घरी बुडखा हातानं मोडावा. जिथे आपोआप तुटतो त्याच्या वरचा भाग तव्यावर तूप-लसणीवर तीन-चार मिनिटं परतला की पुरे. खालचा भाग सूपाच्या पाण्यात उकळून काढून टाकावा.

पण मग शतावरीच्या कोंबांचं काय? ते आपण कधी खाल्लेच नाहीत असं मुळीच नाही. सह्याद्रीच्या कडेच्या आदिवासी घरांत पावसाळ्याच्या सुरुवातीला शतावरीचे कोवळे कोंब खुडून भाजी होते. टोकाकडचा जेवढा भाग नखानं सहज तुटतो तेवढाच घ्यायचा, चिरून वाफवायचा आणि कांदा-मिरचीवर परतायचा. चव किंचित कडसर, मागून गोडसर. ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग जे रानभाजी महोत्सव भरवतो, त्यांत शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी यांच्याबरोबर शतावरीही मांडलेली असते. शहरी स्वयंपाकघरापर्यंत मात्र ती भाजी म्हणून कधी पोचली नाही. आयात केलेल्या ॲस्परॅगसची जुडी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला रानभाजीच्या टोपलीतली शतावरी दिसत नाही याची मला खरोखर हळहळ वाटते.

युरोपात कोंबाचा मान किती जुना आहे, तर इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमच्या केटोनं शेतीवर जे पुस्तक लिहिलं त्यात ॲस्परॅगस लावायची, खत घालायची आणि कापायची रीत तपशिलानं दिली आहे. शब्द ग्रीक 'अस्पारागोस'चा. काही भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ उसळून वर येणं या अर्थाच्या धातूत पाहतात आणि आपल्या 'स्फूर्ज्' धातूशी नातं जोडतात, तर काही जण तो ग्रीकांच्याही आधीच्या, आता हरवलेल्या भाषेचा मानतात. लॅटिनमधून तो जर्मनांकडे श्पार्गेल झाला, फ्रेंचांकडे आस्पर्झ. इंग्रज सामान्यजनांना तो उच्चार जमेना, तेव्हा त्यांनी सतराव्या शतकात त्याचं 'स्पॅरोग्रास', चिमणीचं गवत, करून टाकलं. तिकडच्या नावांत असं कोंबाचं फुटणं आहे, तर इकडच्या नावांत मुळ्या मोजलेल्या आहेत.

हा शब्द पुढे रसायनशास्त्रात शिरला आणि तिथून पुण्याच्या घराघरांत पोचला. 1806 मध्ये पॅरिसमध्ये व्होक्लँ आणि रोबिके या दोघांनी ॲस्परॅगसचा रस आटवून ठेवला असता त्यात स्फटिक धरले. त्या पदार्थाला नाव मिळालं ॲस्परजिन. माणसानं वेगळं काढलेलं हे पहिलं अमिनो आम्ल. आपल्या शरीरातल्या प्रथिनांत ते असतंच. त्याच्यापासून मिळालेल्या आम्लाला ॲस्पार्टिक आम्ल म्हणू लागले. 1965 मध्ये त्या आम्लाच्या जोडणीतून एक अतिगोड पदार्थ हाती लागला, तो ॲस्पार्टेम. शुगर-फ्री म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक शीतपेयांत तो असतो, त्या बाटलीच्या लेबलावर बारीक अक्षरांत या भाजीचं अर्धं नाव छापलेलं असतं. बटाट्यात ॲस्परजिन भरपूर असतं. वेफर तळताना साखरेशी त्याचा संयोग होऊन ॲक्रिलामाइड हा घातक पदार्थ बनतो, हे 2002 मध्ये स्वीडनमधल्या संशोधनानंतर पुढे आलं, म्हणून वेफर सोनेरीच काढावेत, तांबूस-काळे होऊ देऊ नयेत. आणि लहान मुलांना होणाऱ्या रक्ताच्या एका कर्करोगात, तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात, ॲस्परजिनेज नावाचं औषध देतात. या आजारातल्या रोगट पेशींना स्वतःपुरतं ॲस्परजिन तयार करता येत नाही, त्या रक्तातलं वापरतात. हे औषध रक्तातलं ॲस्परजिन मोडून टाकतं आणि रोगट पेशी उपाशी मरतात. भाजीच्या रसातून निघालेल्या एका शोधाची वाट मुलांच्या वॉर्डापर्यंत जाते, हे मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत मोठं वाटतं.

आपल्याकडे मुळीचा इतिहासही तितकाच जुना आहे. चरकसंहितेत बल देणाऱ्या आणि वय टिकवणाऱ्या अशा दोन्ही गटांत 'अतिरसा' येते. टीकाकार तिचा अर्थ शतावरी असा करतात. हिमालयातल्या मेदा आणि महामेदा मिळेनाशा झाल्या तेव्हा त्यांच्या जागी शतावरी घ्यावी असं भावप्रकाशानं सांगून ठेवलं. दुर्मीळ झालेल्या वनस्पतीऐवजी सहज मिळणारी सुचवण्याचं हे उदाहरण आज आठवणं गरजेचं आहे. सांधेदुखीवर चोळायच्या नारायण तेलातही शतावरी आहे. पुण्यात या परंपरेला संस्थांचा आधार मिळाला. 1933 मध्ये टिळक आयुर्वेद महाविद्यालय सुरू झालं, पाठोपाठ 1935 मध्ये आयुर्वेद रसशाळा. पेठांतल्या घरांत बाळंतिणीच्या खोलीत डिंकाचे लाडू आणि आळिवाची खीर यांच्याबरोबर शतावरी कल्पाचा डबा आला तो इथला आणि अशाच कारखान्यांतला.

ताजी मुळी सोलून, आतली चिवट शीर ओढून काढतात आणि वाळवतात. कल्प करताना मुळीचा रस किंवा काढा साखरेच्या पाकात आटवून, रवाळ करून त्यात वेलची-केशर घालतात. दोन चमचे कल्प कोमट दुधातून सकाळ-संध्याकाळ, म्हणजे बाळाला दूध भरपूर येतं, हा विश्वास पिढ्यान् पिढ्यांचा. आधुनिक परीक्षेत तो कितपत उतरला? 1996 मध्ये 'इंडियन पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात आलेल्या चाचणीत, दूध कमी पडणाऱ्या आयांमध्ये शतावरीचा वेगळा गुण दिसला नाही. 2011 मध्ये 60 आयांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत दूध उतरवणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचं प्रमाण शतावरी घेणाऱ्यांत अधिक वाढलेलं आढळलं. चाचण्या लहान आहेत आणि निकाल दोन्ही बाजूंचे आहेत, तेव्हा ठाम निवाडा देण्याची वेळ आलेली नाही. मुळीत शतावरिन नावाची सॅपोनिनं आहेत आणि त्यांच्यावर काम चालू आहे. तोवर माझं मत असं: बाळंतिणीनं कल्प जरूर घ्यावा, पण दूध कमी पडत असेल तर आधी बाळाला वारंवार पाजावं आणि डॉक्टरांना दाखवावं, डब्यावर विसंबून दिवस घालवू नयेत. मधुमेह असणाऱ्यांनी तर लक्षात ठेवावं की बहुतेक कल्पांत वजनानं सर्वांत जास्त असते ती साखर.

आता मघाच्या फरकाकडे. कोंब कापला तर मूळ जागेवर राहतं, झाड जगतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा फुटतं. मुळी हवी असेल तर झाड उपटावं लागतं. जाणते वैदू काही मुळं काढून घेत आणि डोळे असलेलं खोड पुन्हा मातीत दाबून ठेवत, म्हणजे वेल मरत नसे. किलोवर विकायला मुळी काढणाऱ्याला एवढी उसंत नसते. ओली मुळी वाळली की वजनात फारच थोडी उरते, म्हणजे एका पोत्यासाठी किती वेल गेले त्याचा अंदाज करावा. बाजारात कधीकधी ॲस्परॅगसच्या दुसऱ्या जातींची मुळंही शतावरी म्हणून विकली जातात, म्हणजे जंगलही जातं आणि औषधही खरं मिळत नाही. युरोपात हजारो वर्षं खाल्ली जाणारी भाजी शेतात सुरक्षित राहिली. आपलं औषध मात्र पुष्कळसं अजून रानातून येतं.

यावर उपाय शेतीचाच, आणि शतावरी शेतीला अवघड नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस बी भिजवून रोपवाटिकेत टाकावं. बियांचं कवच कठीण असतं, उगवायला तीन-चार आठवडे लागतात. पावसाळ्यात सरी-वरंब्यावर रोपं लावून चढायला आधार द्यावा. जमीन निचऱ्याची हवी, पाणी साचलं की मुळं सडतात. दीड-दोन वर्षांनी मुळं काढणीला येतात आणि खोडाचे डोळे पुन्हा लावता येतात. मार्गदर्शन पुण्यातच उपलब्ध आहे: महाराष्ट्र राज्य फलोत्पादन व औषधी वनस्पती मंडळाचं कार्यालय इथे आहे, आणि राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचं पश्चिम विभागीय केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आहे. लावण्याआधी खरेदीदार ठरवावा. पीक दोन वर्षांचं आहे, भाव काढणीच्या वेळी शोधत बसलं तर व्यापारी म्हणेल तो घ्यावा लागतो.

शहरातल्या माणसानंही करण्यासारखं आहे. कल्प किंवा चूर्ण घेताना मुळी लागवडीची आहे का, असं दुकानदाराला विचारा. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की प्रश्न कारखान्यापर्यंत जातो. रानभाजी महोत्सवात शतावरीचे कोंब दिसले तर विकणाऱ्या मावशींकडूनच ओळख आणि कृती समजून घ्या आणि घेऊन या. स्वतः रानात जाऊन अंदाजानं खुडू नका. गॅलरीत ऊन येत असेल तर खोल कुंडीत एक रोप लावा, तारेवर चढवा. उन्हाळ्यात ते सुकलं म्हणून फेकू नका, जूनमध्ये फुटेल. आणि वेताळ, तळजाई किंवा सिंहगडाच्या वाटेवर शतावरीचा वेल दिसला तर फोटो काढा, मुलांना काटा आणि फूल दाखवा, पण मुळाशी काठी घालू नका. राखीव वनातून मुळी काढणं हा कायद्यानं गुन्हा आहे.